सरीसृपांच्या पिंजऱ्यातील उष्णता-योजना

सरीसृपांच्या पिंजऱ्यातील उष्णता-योजना : बंदिस्त जागेत ठेवलेले साप, सरडे, पाली, कासवे व सुसरी यांना जगण्यास लागणारी उष्णता कृत्रिम साधनांनी आणि प्राण्यास इजा न होईल अशा रीतीने पुरविण्याची व्यवस्था. सरीसृप (सरपटणारे) प्राणी अनियततापी (ज्यांच्या शरीराचे तापमान परिसरानुसार बदलते असे) आहेत. पक्षी व सस्तन प्राणी अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग शरीर उबदार राखण्यासाठी खर्च करतात. सरीसृप ही ऊब बहुतांशी बाहेरून, मुख्यत्वे सूर्यापासून घेतात. अन्नाचे पचन, वाढ, प्रजनन व रोगप्रतिकार या क्रिया त्या उबेवर अवलंबून असतात. त्यामुळे यूरोपसारख्या थंड प्रदेशात हे प्राणी पाळणाऱ्यांपुढे उष्णतेचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहिला. या व्यवस्थेचा लिखित इतिहास सु. पावणेदोनशे वर्षांचा असून त्याचा बराचसा भाग चुकांचा आहे. प्रारंभीच्या काळात प्राणी थंडीने मरत, पुढे साधने सुधारल्यावर भाजून मरू लागले. उष्णता किती द्यावी एवढाच विचार दीर्घकाळ होत राहिला. ती कोणत्या बाजूने यावी, तिचे नियमन कशाने व्हावे आणि प्राण्याला तिच्यापासून दूर जाण्यास वाव आहे किंवा नाही, हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले.

प्रारंभीचे प्रयत्न : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यूरोपात आणलेले अजगर व इतर मोठे साप लाकडी पेट्यांत, लोकरीच्या कांबळ्यांत गुंडाळून ठेवीत. कांबळे स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. अंगात निर्माण झालेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही एवढेच त्याचे कार्य. ज्या प्राण्याच्या अंगी अशी उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही त्याला कांबळ्याचा उपयोग जुजबीच होय. माणसाने स्वतःच्या थंडीवरचा उपाय सापावर केला, असे या पद्धतीबद्दल म्हणता येईल. तिचा एक अनपेक्षित परिणाम लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५० च्या सुमारास दिसून आला. तेथील एका बोआ जातीच्या सापाने भक्ष्यासह किंवा भक्ष्य समजून आपले कांबळेच गिळले आणि काही आठवड्यांनी ते बाहेर टाकले. त्या काळच्या प्राणिविषयक लिखाणात ही घटना गंमत म्हणून वारंवार सांगितली गेली. पिंजऱ्यातील उबेच्या सोयीमुळे झालेला नोंदलेला एक जुना अपघात म्हणूनही तिच्याकडे पाहता येते.

पॅरिस येथील झार्दँ दे प्लांत या उद्यानातील प्राणिसंग्रहात १८४१ मध्ये एका अजगराच्या मादीने अंडी घातली व त्यांच्याभोवती वेटोळे घालून ती सु. दोन महिने बसून राहिली. अजगराची मादी अंडी उबविते, हे लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने भारतातील निरीक्षणांवरून आधीच सांगितले होते. पण त्यावर तत्कालीन शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नव्हता. आशील व्हालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञांनी पॅरिसच्या मादीच्या वेटोळ्यांत तापमापक घालून तेथील तापमान सभोवतालच्या हवेपेक्षा अधिक असल्याचे नोंदविले. तरीही वाद मिटला नाही, कारण पेटीला बाहेरून ऊब दिलेली होती. मोजलेली उष्णता मादीची की पेटीची, याचा निर्णय त्या मांडणीत होऊ शकत नव्हता. लंडनमध्ये १८६२ साली आफ्रिकी अजगराच्या मादीने घातलेल्या अंड्यांच्या बाबतीत फिलिप लटली स्क्लेटर यांनी अशाच नोंदी केल्या. ती अंडी मात्र उबली नाहीत. या प्रश्नाचा निकाल लागण्यास १९६६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हचिसन, डाउलिंग व व्हिनेगर या अमेरिकन संशोधकांनी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय अजगराच्या (पायथॉन मोल्युरस) मादीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सभोवतालची हवा थंड केली की मादीच्या स्नायूंचे आकुंचन वाढते आणि त्यातून तिचे शरीर हवेपेक्षा काही अंशांनी अधिक उष्ण राहते, असे त्यांनी दाखविले. पिंजऱ्याचे तापमान स्वतंत्रपणे नियंत्रित करता आले म्हणूनच हे सिद्ध होऊ शकले. [⟶ अजगर].

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये केवळ सरीसृपांसाठी एक घर उघडण्यात आले. अशा प्रकारची ही पहिली सार्वजनिक वास्तू मानतात. त्यासाठी हिंस्र पशूंच्या जुन्या घरातच फेरफार करण्यात आले होते. त्यानंतरचे घर १८८३ साली तयार झाले. या काळातील मोठ्या प्राणिसंग्रहालयांनी उष्णतेची पद्धत काचगृहांतून (उष्ण प्रदेशातील वनस्पती वाढविण्याच्या काचेच्या घरांतून) उचलली. तळघरातील बाष्पित्रात पाणी तापवून ते लोखंडी नळांतून खोल्यांत फिरवीत. यामुळे सर्व दालन सारखे उबदार होई आणि रात्रीही फारसे निवत नसे. आगीचा व भाजण्याचा धोका नळांच्या झाकणामुळे बराच कमी होता. परंतु वाळवंटातील सरडा, दलदलीतील कासव व वर्षावनातील साप या सर्वांना एकाच तापमानात आणि तेही दिवसरात्र न बदलणाऱ्या तापमानात राहावे लागे. पचन बिघडणे, तोंडात व फुप्फुसांत जंतुसंसर्ग होणे आणि अन्न सोडणे या तक्रारी तेव्हाच्या संग्रहांत नित्याच्या होत्या. पुष्कळसे प्राणी अल्पकाळच जगत. त्यांची जागा वसाहतींतून येणारे नवे प्राणी भरून काढीत असल्यामुळे कारणांचा शोध घेण्याची निकड कोणाला फारशी भासली नसावी.

घरगुती काचपेट्या : लंडनचे वैद्य नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद काचपात्रात नेचे वाढू शकतात असे आढळले आणि १८४२ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या काचपेट्यांवरून घरात वनस्पती व पुढे लहान प्राणी ठेवण्याची हौस इंग्लंड व जर्मनीत पसरली. योहान फोन फिशर यांचा टेरॅरियमवरील जर्मन ग्रंथ (१८८४) आणि रेव्हरंड ग्रेगरी बेटमन यांचा व्हिव्हेरियमवरील इंग्रजी ग्रंथ (१८९७) यांवरून ही हौस किती रुजली होती याची कल्पना येते. घरात बाष्पित्र नसल्याने हौशी मंडळी पेटीखाली पाण्याची पत्र्याची टाकी बसवीत आणि तिच्याखाली तेलाचा दिवा किंवा गॅसची लहान ज्योत पेटत ठेवीत.

या योजनेत एक गोष्ट चांगली होती. ज्योत व प्राणी यांच्यामध्ये पाणी असे आणि पाणी असेपर्यंत टाकीचा पत्रा १००° से.च्या वर तापू शकत नसे. पाणी आटले की ही मर्यादा सुटे. ज्योतीचा धूर व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पेटीत शिरणे, वात वाढल्याने तळ तापणे, रात्री दिवा विझणे अशा अडचणी कायमच्या होत्या. ज्योतीवर कोणीतरी लक्ष ठेवणे हेच एकमेव नियंत्रण होते. वस्तुतः स्वयंचलित नियंत्रण ही कल्पना तेव्हा नवीन नव्हती. कॉर्नेलिस द्रेबेल या डच तंत्रज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी अल्कोहॉल व पारा यांच्या प्रसरणावर चालणारा नियामक बनविला होता. अशा साधनाला थर्मोस्टॅट हे नाव अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये दिले. कोंबडीच्या अंड्यांसाठी जी काळजी घेतली गेली ती पिंजऱ्यातील सापापर्यंत पोहोचण्यास मात्र आणखी शंभर वर्षे लागली. अंड्यांना बाजारात किंमत होती, हे त्याचे एक साधे कारण होय.

लंडनचे १९२७ चे सरीसृपगृह : विजेमुळे ज्योत पिंजऱ्याखालून गेली आणि उष्णता हव्या त्या जागी नेणे शक्य झाले. या शक्यतेचा विचारपूर्वक उपयोग करणारी पहिली महत्त्वाची व्यक्ती जोन बोशँप प्रॉक्टर (१८९७–१९३१) ही होय. दीर्घ आजारामुळे त्यांचे विद्यापीठीय शिक्षण होऊ शकले नाही. तथापि लहानपणापासून सरीसृप पाळल्यामुळे त्यांना या प्राण्यांच्या वागणुकीचे सूक्ष्म ज्ञान होते. १९२३ मध्ये त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरीसृप विभागाच्या अभिरक्षक झाल्या आणि वास्तुशिल्पज्ञ सर गाय डॉबर यांच्या सहकार्याने त्यांनी नव्या सरीसृपगृहाची आखणी केली. ते १९२७ मध्ये खुले झाले.

या वास्तूत प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र विद्युत् उष्णता दिलेली होती आणि पिंजऱ्याचा एक भाग दुसऱ्यापेक्षा अधिक तापेल अशी रचना होती. प्राण्याने ऊन खावे तशी तेथे ऊब घ्यावी व पुरेशी झाली की बाजूला व्हावे, ही त्यामागील कल्पना होय. प्रकाशाची योजना मत्स्यालयाप्रमाणे, म्हणजे पिंजरे उजळ व प्रेक्षकांची जागा अंधारी अशी होती. आजारी प्राण्यांसाठी वेगळी जागा राखलेली होती. छतासाठी व्हिटा-ग्लास या नावाची खास काच वापरली होती. साधी काच सूर्यप्रकाशातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांपैकी ड जीवनसत्त्वाच्या निर्मितीस उपयुक्त असलेले किरण अडविते. ही काच ते बऱ्याच अंशी आत येऊ देई. मुडदूस झालेली मुले पारा-बाष्प दिव्याच्या प्रकाशाने बरी होतात, हे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी बर्लिन येथे १९१९ मध्ये दाखविले होते. कासवांचे मऊ पडणारे कवच व सरड्यांची वाकणारी हाडे यांचा या शोधाशी संबंध जोडला जाणे हे त्या काळाच्या मानाने मोठेच पाऊल म्हटले पाहिजे. उन्हाने ही काच कालांतराने निकामी होत जाते, हे पुढे लक्षात आले.

कोमोडो बेटावरील महाकाय घोरपडींना प्रॉक्टर यांनी माणसाळविल्याची हकिकत अधिक प्रसिद्ध आहे. परंतु पिंजऱ्यात उष्ण व थंड अशा दोन बाजू ठेवण्याचे त्यांचे तत्त्व त्याहून टिकाऊ ठरले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या घरातील प्राणी जवळजवळ शंभर वर्षे त्याच इमारतीत पाहावयास मिळत; २०२४ मध्ये त्याची जागा नव्या वास्तूने घेतली.

वाळवंटातील संशोधन : प्रॉक्टर यांची रचना निरीक्षणावर आधारलेली होती. तिला शास्त्रीय पाया अमेरिकेतील वाळवंटात मिळाला. सरीसृपांना, विशेषतः वाळवंटी सरीसृपांना, कितीही उष्णता सोसते असा समज विसाव्या शतकातही दृढ होता. वॉल्टर मोझाउअर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भर उन्हात अडकवून ठेवलेले वाळवंटी साप काही मिनिटांतच मरतात असे दिसून आले. रेमंड कौल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियातील वाळवंटात या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास करून १९४४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोकळे सोडलेले सरडे ऊन व सावली यांमध्ये ये-जा करून, अंग उन्हाकडे वळवून किंवा वाळूत शिरून आपले तापमान ठराविक मर्यादेत राखतात. या मर्यादा जातीजातीनुसार वेगळ्या असतात. आणि पसंतीचे तापमान व प्राणघातक तापमान यांत अंतर फार थोडे असते, असे त्यांनी दाखवून दिले. वाळवंटी इग्वाना (डिप्सोसॉरस डॉर्सालिस) हा सरडा ४०° से.च्या आसपास चपळ असतो. पण त्यापुढील मोजक्याच अंशांत तो दगावतो.

पिंजऱ्याच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ गंभीर होता. सावली नसलेला तापलेला पिंजरा म्हणजे प्राण्याला बांधून ठेवलेले वाळवंटच होय. शिवाय पिंजऱ्यातील हवेचे तापमान योग्य असले म्हणजे पुरते, हा समजही डळमळीत झाला. ऑलिव्हर पिअरसन यांनी १९५४ मध्ये पेरूच्या उंच पठारावरील सरड्यांचे जे वर्णन केले त्यात हवा गोठणबिंदूच्या आसपास असतानाही उन्हात बसलेल्या सरड्याचे शरीर ३०° से.च्या वर गेलेले आढळले. प्राण्याला प्रारणाने (मध्यस्थ द्रव्य न तापविता पोहोचणाऱ्या किरणांनी) व संवहनाने (स्पर्शाने) मिळणारी उष्णता हवेच्या तापमापकावर दिसत नाही. काचेच्या आतील बाजूस चिकटविलेला लहान तापमापक पाहून निर्धास्त राहणारे पुष्कळ लोक अजूनही हीच चूक करतात.

मॅथ्यू क्लूगर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये याच वाळवंटी इग्वानावर केलेला प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. जंतुसंसर्ग झालेले सरडे वाव मिळाल्यास नेहमीपेक्षा अधिक उष्ण जागा निवडतात, म्हणजे वागणुकीने ताप आणतात, असे आधीच्या प्रयोगांत आढळले होते. ३४° से.पासून ४२° से.पर्यंतच्या ठराविक तापमानांत ठेवलेल्या संसर्गित सरड्यांपैकी थंड गटांतील मृत्यूंचे प्रमाण बरेच अधिक होते. आजारी प्राण्याला उष्णतेची निवड करू न देणे हे त्याचे औषध काढून घेण्यासारखेच आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

उसनी साधने व भाजण्याचे अपघात : दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९७० नंतर, अमेरिका व पश्चिम यूरोपात साप व सरडे घरी पाळण्याचा व त्यांची बंदिवासात पैदास करण्याचा छंद झपाट्याने वाढला. त्यासाठी खास साधने प्रथम नव्हती. ती इतर व्यवसायांतून उसनी घेतली गेली. कोंबडीच्या पिलांच्या ब्रूडरमधील अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य किरण देणारे) दिवे, डुकरांच्या पिलांखाली घालावयाचे तापते तक्ते, रोपवाटिकेतील माती गरम ठेवणाऱ्या तारा आणि माणसांसाठी बनविलेल्या विजेच्या शेकपट्ट्या यांचा त्यांत समावेश होता. ही साधने ज्यांच्यासाठी बनली होती ते प्राणी नियततापी आहेत. अंग भाजू लागताच पिलू उठून जाते. साप व सरडे नेहमी उठून जात नाहीत, आणि या एका फरकामुळे असंख्य प्राणी जखमी झाले.

असे का घडते, याची कारणे त्यांच्या शरीरव्यवहारात आहेत. सरीसृपाची जागा सोडण्याची प्रेरणा बहुतांशी शरीराच्या अंतर्भागाच्या, विशेषतः मेंदूच्या, तापमानावर अवलंबून असते. थंड पिंजऱ्यात एकच तापलेला पृष्ठभाग असेल, तर पोटाची त्वचा भाजत असतानाही प्राण्याचे बाकीचे शरीर थंडच राहते आणि ऊब अपुरी वाटून तो तेथेच पडून राहतो. निसर्गात उष्णता वरून येते, आणि उष्मा असह्य झाला की खाली उकरून जाणे हा त्याचा जन्मजात उपाय असतो. तापती पट्टी तळाशी असेल, तर तोच उपाय त्याला अधिक उष्ण जागी नेतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘हॉट रॉक’ नावाने विकल्या गेलेल्या, आत विद्युत् रोधक बसविलेल्या कृत्रिम दगडांनी ही सर्व कारणे एकत्र आणली. त्यांची उष्णता असमान असे, काही जागा अतिशय तापत, नियंत्रक बहुधा नसे आणि सरड्याला तो दगड ओळखीच्या उन्हातील खडकासारखा वाटे. पशुवैद्यकीय ग्रंथांत या दगडांविषयीचा इशारा आता नियमाने आढळतो. तरी ती वस्तू बाजारातून पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

सापाच्या पोटाच्या खवल्यांवरील भाजणे प्रथम केवळ तांबूस डागासारखे दिसते. त्याची खरी खोली कित्येकदा काही दिवसांनंतर, खवले गळू लागल्यावर, कळते. त्वचेचे आवरण गेल्याने शरीरातील द्रव झिरपून जातो व जंतुसंसर्ग होतो. बरे होण्यास अनेक महिने व कातीची अनेक आवर्तने लागतात. प्राणी ओरडत नाही, लंगडत नाही, पुष्कळदा अन्नही घेत राहतो. त्यामुळे मालकाला चूक कळेपर्यंत ती अनेक दिवस चालू राहिलेली असते.

वरून लावलेल्या दिव्यांचे धोके निराळे आहेत. उष्णता देणाऱ्या सिरॅमिक गोळ्याला प्रकाश नसतो, पण त्याचा पृष्ठभाग दोनशे अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. साप अशा गोळ्याभोवती किंवा बल्बभोवती वेटोळे घालतो. म्हणून दिवा पिंजऱ्याच्या आत असल्यास त्याभोवती तारेची जाळी, आणि तीही प्राण्याला लटकता येणार नाही अशी, बसविणे आवश्यक ठरले. प्लॅस्टिकचे साधे होल्डर या उष्णतेने वितळतात. त्यांच्या जागी चिनी मातीचे होल्डर वापरतात. लहान उगमापासूनचे अंतर निम्मे केल्यास पृष्ठभागावर पडणारे प्रारण सु. चौपट होते. म्हणजे पिंजऱ्यात ठेवलेली एक नवी फांदी सुरक्षित दिव्याला धोकादायक करू शकते. दिवा जाळीच्या झाकणावर नुसता टेकवून ठेवण्याची सवय तर घरांना आगी लागण्यास कारण झालेली आहे.

तापनियंत्रक : तळपट्टी, तार, सिरॅमिक गोळा वा दिवा यांपैकी कोणतेही साधन नियंत्रकाशिवाय वापरू नये, हा नियम विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वमान्य झाला. आधीचे नियंत्रक दोन धातूंच्या जोडपट्टीचे असून ते प्रवाह पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करीत. पट्ट्यांसाठी ते पुरत. पण दिवा त्यामुळे सारखा लागे व विझे, आणि प्राण्याचे दिवसरात्रीचे भान बिघडे. पुढे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक आले. त्यांपैकी काही प्रवाह लहान लहान स्पंदांनी सोडतात व ते सिरॅमिक गोळ्यास योग्य असतात. काही प्रवाह हळूहळू कमीजास्त करतात व ते दिव्यांसाठी वापरतात.

नियंत्रकाने एक नवा धोकाही आणला, कारण त्याची सर्व माहिती एका लहानशा संवेदकावर अवलंबून असते. संवेदक जागेवरून घसरून थंड कोपऱ्यात गेला, तर नियंत्रक पिंजरा थंड समजून साधन सतत चालू ठेवतो. तो पाण्याच्या भांड्यात पडला, तरी तेच होते. हे टाळण्यासाठी संवेदक पक्का बांधतात, दुसरा स्वतंत्र तापमापक उष्ण जागेवर ठेवतात आणि साधनाची शक्तीच अशी निवडतात की, नियंत्रक बिघडला तरी पिंजरा घातक मर्यादेपर्यंत तापू नये. शेवटची दक्षता सर्वांत परिणामकारक असून सर्वांत कमी पाळली जाते. पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणारे अवरक्त तापमापक स्वस्त झाल्यापासून प्राणी प्रत्यक्ष बसतो त्या जागेची तपासणी सोपी झाली आहे. तळपट्टीवर मातीचा वा भुश्शाचा जाड थर दिल्यास उष्णता कोंडून काच तडकते. म्हणून पट्टी तळाच्या सु. एक-तृतीयांश भागाखालीच व थर पातळ ठेवून लावतात. पाणी व वीज जवळजवळ असल्याने भूसंपर्कन व क्षरण-विच्छेदक (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन) आवश्यक असतात, आणि वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन नेतात, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडते.

कोणत्या जातीला किती ऊब द्यावी, याचे आकडे आता बरेच निश्चित झाले आहेत. मध्य ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्याची (पोगोना व्हिटिसेप्स) शेकण्याची जागा सु. ४०° से., तर पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथॉन या अजगराची उष्ण बाजू सु. ३२° से. ठेवतात व थंड बाजू त्याहून बरीच कमी असते. याउलट न्यू कॅलेडोनियातील कलगीदार पालीला २८° से.च्या वरची उष्णता फार काळ सोसत नाही. रात्री तापमान काही अंशांनी उतरू देणे बहुतेक जातींना मानवते.

प्रकाशाच्या तंत्रातील बदलांचाही या व्यवस्थेवर परिणाम झाला. तंतूचे तप्त दिवे विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवितात म्हणून यूरोपीय संघाने ते २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. अमेरिकेत २०२३ पासून तशी अंमलबजावणी झाली. घरासाठी जो दोष तोच सरड्यासाठी गुण होता. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) दिवे पिंजरा उजळतात, पण शेकण्याची जागा तापवू शकत नाहीत. त्यामुळे हॅलोजन दिवे व खास बनविलेले दिवे यांच्याकडे पाळणारे वळले. सूर्याप्रमाणे उष्णता, प्रकाश व जंबुपार किरण एकाच दिशेने, वरून यावेत, असा विचार त्यातून पुढे आला असून तळपट्ट्यांचे महत्त्व त्यामुळे काहीसे घटले आहे.

भारतातील स्थिती : हा सर्व इतिहास थंड प्रदेशांतील आहे. भारताच्या बहुतेक भागांत मूळच्या जातींना कृत्रिम उष्णता लागत नाही. प्रश्न उलट असतो. तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पपकड सहकारी संस्थेत (स्थापना १९७८) विषासाठी पकडलेले साप मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून, सावलीत ठेवतात व ठराविक काळानंतर पुन्हा सोडून देतात. सच्छिद्र मडक्यातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन आतील जागा थंड राहते. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते; अशा वेळी खिडकीशी ठेवलेली काचपेटी कोणत्याही दिव्यावाचून काही मिनिटांत घातक होऊ शकते. परदेशी पुस्तकांतील वॉटचे आकडे येथे जसेच्या तसे उचलणे त्यामुळे धोक्याचे आहे. महाबळेश्वर, नाशिक यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील रात्री मात्र थोडी ऊब द्यावी लागते, आणि तेथे वीजपुरवठा खंडित झाल्यास पेटीवर जाड गोधडी टाकून साठलेली उष्णता काही तास टिकविता येते. फक्त त्यापूर्वी सर्व साधनांची बटणे बंद करावी लागतात, कारण वीज परत आल्यावर झाकलेला दिवा आग लावू शकतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अजगर, घोरपड, तारांकित कासव इ. देशी संरक्षित सरीसृप घरी पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींबाबत केंद्र शासनाने २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती जाहीर करण्याची योजना आणली. २०२२ च्या दुरुस्तीने वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारातील जातींचा समावेश अधिनियमात झाला आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीत प्राण्याची जात, संख्या व मालकी यांची माहिती घेतली जाते.